एकही डिस्क सापडली नाही

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. डोक्यावरची रॅक रिकामी होती. कंडक्टरनं तिकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, ठेवा ना वर. कोनी नेत नाई." मी मान हलवली आणि बॅग आणखी जवळ ओढली. चोरीची भीती नव्हतीच. बस खड्ड्यात आदळली तर आतली डिस्क हलेल आणि तिच्यात जे काही उरलं असेल तेही जाईल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे दोन्ही हात बॅगेखाली होते. प्रत्येक गतिरोधकावर मी ती थोडी वर उचलून धरत होतो.

लॅपटॉप माझ्या बायकोचा. ती दिवाळीनंतर गेली.

ती शाळेत मराठी शिकवायची. शाळा सुटल्यावर आमच्या गावातल्या अंध मुलींच्या वसतिगृहासाठी पुस्तकं वाचून द्यायची. त्या मुली कॉलेजात शिकतात, आणि सगळीच पुस्तकं काही ब्रेलमध्ये मिळत नाहीत. मग ही आतल्या खोलीत बसून, हेडफोनचा माइक ओठांपाशी धरून, एकेक प्रकरण लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची. त्या वेळी घरातला कूलर बंद, पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. अमरावतीच्या उन्हाळ्यात हे काय असतं ते इथल्या माणसालाच कळेल. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो आणि पान उलटायचं झालं तरी ती श्वास घ्यायला थांबेपर्यंत वाट पाहायचो.

शेवटचं पुस्तक इतिहासाचं होतं. त्यातली सुरुवातीची प्रकरणं तिनं नेऊन दिली होती. उरलेली आजारपणात वाचली. ती लॅपटॉपवरच राहिली.

उन्हाळा लागता लागता वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. फार संकोचून विचारलं त्यांनी. मुलींची परीक्षा आहे, मॅडमनी पुढचं काही वाचून ठेवलं होतं का? मी म्हणालो, हो, बघतो. मग कितीतरी दिवसांनी मी तो लॅपटॉप उघडला. इतके महिने बंद असल्यामुळे असेल, सुरू झाल्याबरोबर त्यानं स्वतःचंच काहीतरी अपडेट करायला घेतलं. टक्के मोजत होता. तेवढ्यात वीज गेली. बॅटरी जुनी होती, एका क्षणात पडदा काळा झाला. वीज आल्यावर निळा पडदा, इंग्रजीत दिलगिरी, आपोआप बंद, पुन्हा सुरू, पुन्हा निळा. दिवसभर त्याचं हेच चाललं होतं. मी समोर बसून बघत राहिलो. हॉस्पिटलात मॉनिटरकडे बघत बसायचो तसा.

गावातल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "डिस्क उडालेली दिसते, सर. नवीन टाकून फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळपर्यंत मोकळे."

"आतलं?"

"आतलं विसरा."

मी लॅपटॉप उचलून घरी आणला. रात्री अकोल्याला साळीला फोन केला. बायकोची ती धाकटी बहीण. आईला घेऊन तिथं राहते आणि ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सगळं ऐकून घेतल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "कोणाला हात लावू देऊ नका. घेऊन या."

आणखी एक भीती होती. ती मी तिलाही सांगितली नाही. आवाज गेला असेल ही एक भीती. आणि नसेल गेला, तर तो ऐकावा लागेल.

दार साळीनंच उघडलं. माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं.

"भाऊजी, अमरावतीचा गिला वडा नाही आणला खायला?"

"विसरलो गं."

"ताई कधीच विसरत नव्हती," ती म्हणाली, आणि पटकन आत वळली. माझ्या हातातली बॅग मात्र घेऊन गेली. मी सांगितलं की बसमध्ये फार धक्के बसले, डिस्कला काही झालं नसेल ना.

"ह्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसते, भाऊजी. एक पट्टी असते फक्त. तुम्ही काय मांडीवर घेऊन आले की काय?"

मी चपला काढू लागलो. ती हसली. तेवढं बरं वाटलं.

सासूबाई दिवाणावर बसल्या होत्या. पन्ह्याचा पेला माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तिचं आहे का काई त्याच्यात?"

"असेल, आई."

"मले दुसरं काई नाई पाह्यजे. आवाज आयकाचा आहे. येकडाव."

दुपार होती. खिडक्या ओढून घेतलेल्या. जेवणाच्या टेबलावरचं सगळं काढून साळीनं तिथं लॅपटॉप मांडला आणि खिडकीतला कूलर बंद केला.

"उन्हायात कूलर बंद करते का कोनी?" सासूबाई म्हणाल्या. "मारतं का मले?"

"आई, लाइट गेली तर हे इन्व्हर्टरवर चालवावं लागते. कूलर ओढून घेते सगळं. पंखा ठेवला ना चालू."

"पंखा गरम हवा फेकून राह्यला."

"मग गरम हवा खा थोडा वेळ."

मग ती माझ्याकडे वळली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली. लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग केलेले आहेत. एकात ताईचं सगळं आहे. दुसरा जवळजवळ रिकामा. आपण रिकाम्या भागात नवीन सिस्टीम टाकायची. ताईच्या भागाला हातसुद्धा लावायचा नाही. नवीन सिस्टीम सुरू झाली की तिच्यातून ताईचा भाग उघडायचा, जसं शेजारच्या खोलीचं दार उघडावं.

"आणि चुकून तिच्या भागात टाकली तर?"

"म्हणून तर तुम्हाला शेजारी बसवलं," ती म्हणाली. "मी एकटी नाही करणार हे."

तेव्हा मला कळलं की तीही घाबरलेली आहे. कॉलेजात तिनं अशा कितीतरी मशीनवर सिस्टीम टाकल्या असतील. पण नवीन सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पेनड्राइव्ह लागला. निळसर पडदा आला, भाषा विचारली, देश विचारला. साळीनं टचपॅडवर बोट फिरवलं. बाण जागचा हलेना.

"टचपॅडचा ड्रायव्हर नाही ह्या सिस्टीम टाकणाऱ्या इन्स्टॉलरजवळ," ती म्हणाली. "चालते. की-बोर्डनं करू." टॅब, टॅब, एंटर. पुढचा पडदा आला. सिस्टीम कुठे टाकायची, असं वर लिहिलेलं होतं. खाली यादीसाठी चौकोन होता आणि तो कोरा होता. चौकोनाखाली एक ओळ. एकही डिस्क सापडली नाही.

मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. दुकानदार खरं बोलला होता. डिस्क उडालेली. आतलं विसरा.

"काय झालं?" सासूबाईंनी दिवाणावरून विचारलं. आमच्या दोघांच्या पाठी त्यांना दिसत होत्या, तेवढ्यावरून त्यांना कळलं असावं.

"काही नाही, आई," साळी म्हणाली. आणि मला हळूच, "भाऊजी, श्वास घ्या. डिस्क मेली असती तर ताईचा निळा पडदा तरी कुठून आला असता? तो डिस्कमधूनच येत होता ना? डिस्क आहे. इन्स्टॉलरला ती दिसत नाही. दोघांच्या मध्ये दुभाषा लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. तो द्यावा लागेल."

मला हे पटलं, पण भीतीला पटलं नाही.

तिनं आपल्या लॅपटॉपवर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हवर घातला, पुन्हा लावला. 'लोड ड्रायव्हर'. काहीच मिळालं नाही. पुन्हा काढला. उतरवलेली फाइल म्हणजे बंद डबा होता, तो उघडून आतलं फोल्डर बाहेर काढून द्यायला हवं होतं. तिनं कपाळावर हात मारला. "मुलांना हेच शिकवते मी, रोज." पुन्हा लावला. आता ड्रायव्हरचं नाव दिसलं, पण तो बसल्यावरही यादी कोरीच. मग लक्षात आलं की तो दुसऱ्या मॉडेलचा आहे. लॅपटॉप उलटा केला, तर खालच्या चिकटपट्टीवरची अक्षरं घासून गेलेली. बायको तो मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवायची. उशीनं पुसली असणार. साळीनं मशीन सुरू होताना एक बटण दाबून आतल्या पडद्यावरून मॉडेलचा नंबर घेतला आणि पुन्हा शोधायला बसली.

ह्या सगळ्यात माझं काम एकच होतं, बघणं. प्रत्येक वेळी तो कोरा चौकोन यायचा आणि प्रत्येक वेळी मी तो पहिल्यांदा बघितल्यासारखा बघायचो. मी आयुष्यभर पुस्तकांत काम केलं. ग्रंथालयात पुस्तक जागेवर नसलं तरी कार्ड असतं, कार्ड हरवलं तरी कोणीतरी वाचलेलं असतं. इथं तसं काही नव्हतं. तिनं ते वाचलं तेव्हा खोलीत ती एकटीच होती.

तिसरा ड्रायव्हर बसला आणि चौकोनात ओळी उमटल्या.

साळी ओरडलीच. "आहे! आई, आहे!"

"आवाज?"

"आवाज नाही गं, डिस्क. थांब."

आनंद जेमतेम एक घोट पाणी पिईपर्यंत टिकला. कारण यादीत चार ओळी होत्या, त्यातल्या दोन मोठ्या, आणि त्या दोन्हींचा आकार जवळपास सारखा. नाव कशालाच नाही, नुसते भाग क्रमांक. समोर मोकळी जागा किती ते लिहिलेलं. एकात जवळजवळ सगळीच मोकळी, दुसऱ्यात थोडी कमी.

"हा रिकामा," साळी म्हणाली, "आणि हा ताईचा."

"नक्की?"

"नक्की." मग थांबून, "तुम्हीही वाचा बरं."

मी आकडे मोठ्यानं वाचले. तिनं पुन्हा वाचले. खाली बटणं होती, डिलीट, फॉरमॅट, नेक्स्ट. तिनं टॅब दाबलं. निवडलेल्या ओळीवर फिकट पट्टी होती, ती कधी ह्या भागावर वाटे, कधी त्या, आणि बटणाच्या कडेवर एक ठिपक्यांची चौकट उमटल्यासारखी वाटे. ती चौकट डिलीटवर आहे की नेक्स्टवर, हे आम्हाला दोघांनाही सांगता येईना. मी चष्मा काढला, पुसला, लावला. तिनं पडदा मागेपुढे केला. तिचं बोट एंटरवर होतं. मग तिनं ते उचललं आणि हात मांडीवर घेतले.

"नाही, भाऊजी. असं नाही दाबणार मी. चौकट कुठं आहे तेच दिसून नाही राहिलं. माउस पाहिजे."

माउस होता. उजवीकडच्या खाचेत पेनड्राइव्ह, डावीकडची खाच मोकळी. तिनं माउस तिथं लावायला घेतला. अर्धवट गेला आणि अडला. खालचा लाल दिवा लागेना. जोर करून पाहिला. नाही. "ह्याही पोर्टचा ड्रायव्हर नसेल," ती म्हणाली आणि पुन्हा साइटवर शोधू लागली. पोर्टचे ड्रायव्हर, चिपसेटचे ड्रायव्हर. तिचा आवाज आता चिडका झाला होता. एक ड्रायव्हर घालूनही पाहिला. दिवा नाहीच.

मी उगीच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून, लॅपटॉपची डावी कड उजेडाकडे वळवली आणि त्या खाचेत पाहिलं. आत लाल काहीतरी होतं.

आणि मला दसरा आठवला. त्या दिवशी आमच्या घरी जे ज्याचं साधन असेल त्याची पूजा असते. माझी पुस्तकं, स्कूटरची किल्ली, घरातली कात्री, विळी. तिनं पाटावर आपला लॅपटॉप मांडला होता आणि त्याच्यावर हेडफोन, मुकुटासारखा. त्या दिवशी तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. बसूनच तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. अक्षता टाकताना हात थरथरला आणि मूठभर तांदूळ एकदमच सुटले, सगळ्या की-बोर्डवर. "अहो, हसू नका," ती म्हणाली होती. नंतर मी रंगकामाच्या ब्रशनं ते झाडले होते. सगळे झाडले असं समजून.

"ड्रायव्हर नको," मी म्हणालो. "अक्षत आहे."

साळीला कळेना. मी बोट दाखवलं. तिनं डोळा जवळ नेला आणि तशीच राहिली. काही वेळ ती मान वर करेना.

"लॅपटॉप बंद कर आधी," मीच म्हणालो. "वायर काढ. पेनड्राइव्ह काढ." त्या दुपारी मी दिलेली ही पहिली सूचना. सासूबाई उठून आल्या. हातातल्या बांगड्यांना अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी काढून दिली. मी वाकलो. पिन आत घालताना पुन्हा तीच भीती, की आतली एखादी बारीक पत्री वाकेल. दाणा एकदा निसटला, आणखी आत गेला. मग लॅपटॉप कडेवर उभा धरून, हलकेच टिचकी मारून, पिनेनं ओढला. तांदळाचा अर्धा दाणा, कुंकवानं माखलेला.

मी तो फुंकरीनं उडवणार होतो. सासूबाईंनी तळहात पुढे केला. "फेकू नोको." त्यांनी तो घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला.

माउसचा दिवा लागला. पुन्हा सगळे पडदे, पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा त्या चार ओळी. आता बाण दिसत होता. आम्ही आकडे पुन्हा वाचले, आळीपाळीनं. साळीनं रिकाम्या भागावर बाण नेला, निळी पट्टी स्पष्ट उमटली. "दाबू?"

"दाब."

टक्के चढायला लागले. मध्ये एकदा पंखा मंद झाला, इन्व्हर्टरनं आवाज केला, आम्ही तिघंही वर बघत राहिलो. वीज परत आली. पडदा काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. त्या प्रत्येक काळ्या पडद्यात मला माझा चेहरा दिसत होता आणि तो बघवत नव्हता.

शेवटी नवीन सिस्टीम सुरू झाली. साळीनं शेजारचा भाग उघडला. परवानगी मागितली, दिली. बायकोच्या नावाचं फोल्डर. त्यात इतिहास. त्यात प्रकरणं, शेवटचंसुद्धा.

"आधी कॉपी," साळी म्हणाली. तिनं ती सगळी पेनड्राइव्हवर घेतली, मग स्वतःच्या लॅपटॉपवर. मग सर्वांत शेवटच्या फाइलवर बाण नेऊन माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली असावी.

फाइल उघडली. रेघ पुढे सरकू लागली. आवाज नाही.

रेघ सरकत होती, सेकंद मोजले जात होते, आणि खोलीत काहीच नव्हतं, फक्त पंखा. मला वाटलं, त्या दिवसांत तिचा आवाज फार खोल गेला होता. माइकपर्यंत पोचलाच नसेल. तिनं वाचलं असेल, पानं उलटली असतील, आणि हे असं रिकामं राहिलं असेल. दुसरी एक जुनी फाइल लावली. तीही मुकी. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," साळी म्हणाली. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर लहान लाल फुली होती. "साउंडचा ड्रायव्हर नाही. नवीन सिस्टीमला अजून कान नाहीत अन् तोंडही नाही. वायफायचाही नसेलच." तिनं आपला फोन वायरनं जोडला. डावीकडच्या खाचेत, अक्षत काढली त्याच. फोनवरचं इंटरनेट लॅपटॉपला मिळालं आणि ड्रायव्हर उतरू लागला. मी उठून पाणी प्यायला गेलो. खरं म्हणजे मी पळत होतो. मुका लॅपटॉप मला त्या क्षणी बरा वाटत होता. स्वयंपाकघरात माठाशी उभा राहिलो, पेला हातात, आणि बाहेर या असं कोणी म्हणू नये असं वाटत राहिलं.

कोणी म्हटलं नाही. आवाजच आला. साळीनं मघाची फाइल पुन्हा लावली असणार.

आधी खाकरणं. मग कागद सरळ केल्याचा आवाज. "प्रकरण अकरावे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. एक वाक्य वाचलं. दुसरं अर्धं वाचलं आणि थांबली.

"अहो," ती म्हणाली, "पंखा चालू राहिला ना. आवाज येतो त्याचा. बंद करा बरं."

मी पेला खाली ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आलो. सासूबाई टेबलाला धरून उभ्या होत्या. साळीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. लॅपटॉपमध्ये खुर्ची सरकली, माझीच पावलं वाजली. मी भिंतीपाशी गेलो आणि बटण खाली केलं.

पाती मंद होत गेली. खोलीत उकाडा एकदम जवळ आला. सासूबाईंनी पदराच्या टोकानं गळा पुसला, ज्या टोकाला गाठ नव्हती त्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आता वाचू दे तिले," त्या म्हणाल्या.